हार्टचा माणूस

आमच्या घरमालकांना हार्ट होतं.

हे वाक्य तालुक्याबाहेरच्या माणसाला सांगितलं की तो जरा थांबतो आणि म्हणतो, हार्ट तर सगळ्यांनाच असतं. आमच्या शहापुरात तसं नाही. इथं ‘त्यांना हार्ट आहे’ हे ‘त्यांची भातगिरणी आहे’ किंवा ‘त्यांचा जावई पोलिसात आहे’ याच चालीवर म्हणतात. ऐकणाऱ्यानं मान हलवायची आणि पुढच्या भेटीत जपून बोलायचं. ज्याचं हृदय निमूटपणे चालतं त्याला हार्ट नसतं. ज्याचं बिघडलं, त्यालाच ते मिळतं.

आमच्या मालकांना ते मिळून बरीच वर्षं झाली होती. मी बिऱ्हाड बघायला गेलो तेव्हा त्यांनी आधी आपलं हार्ट दाखवलं आणि मग मोरी.

“पाणी सकाळी येतं, लाइट अधूनमधून जाते, आणि मला हार्ट हाय,” ते म्हणाले. “दार आपटायचं नाय. जिन्यात पळायचं नाय. मोठ्यानं रडायचं नाय.”

माझी मुलगी तेव्हा बायकोच्या कडेवर होती. तिसरी अट तिनं तिथल्या तिथं मोडली. मालकांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि मला वाटलं, गेलं हे घर. पण आतून त्यांची बायको आली, मुलीच्या हातात गुळाचा खडा दिला आणि म्हणाली, “घ्या वो खोली, भाऊ. त्यांचं हार्ट काय ऐकत नाय पोरांचं.”

ते काका आणि त्या काकू. आम्ही वर राहायचो, ते खाली.

काका भातसानगरला धरणावर नोकरीला होते. दरवाजे वर करायचे, खाली करायचे, पाण्याची पातळी लिहायची. निवृत्तीनंतर पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि त्याच्या खिशात एक चपटी डबी, एवढाच त्यांचा गणवेश उरला होता. डबीत जिभेखाली ठेवायची गोळी. पासवाले लोक दर थोड्या वेळानं पास चाचपतात तशी ते डबी चाचपायचे. गोळीची मुदत संपली की नवी आणायचे, जुनी तुळशीत टाकायचे. घेतलेली मी कधी पाहिली नाही. त्या तुळशीचं हृदय मात्र उत्तम असणार.

हार्टमुळे काकांना काय काय चालत नसे, हे सगळ्या आळीला पाठ होतं. सिलिंडर उचलणं, तांदळाचं पोतं ओढणं, गणपतीच्या मंडपाचे बांबू धरणं, न आवडणाऱ्या नातेवाइकाकडची लग्नं. चालायचं तेही बरंच होतं. सुकट चालायची. चहाच्या टपरीवर तासभर भांडण चालायचं. बाजाराच्या दिवशी मासळीवालीशी घासाघीस तर औषधासारखी चालायची. “हार्टला उतार चालतो, चढ नाय चालत,” हा त्यांचा नियम. त्यामुळे आमच्या डोक्यावर छप्पर त्यांचंच असूनही ते जिना चढून कधी वर आले नाहीत. बोलायचं असलं की अंगणातून हाक मारायचे आणि मी खाली उतरायचो. मालक आणि भाडेकरू यांच्यात असा मान मी दुसरीकडे पाहिला नाही.

घरात रोग दोनच. काकांचं हार्ट आणि काकूंचं पित्त. काकांच्या रोगाला आरामखुर्ची, उशी आणि पंखा होता. काकूंच्या रोगाला वाटीभर थंड दूध. डोकं दुखलं, पित्त. गुडघा धरला, पित्त. एकदा काकूंच्या पायावर पाटा पडला, तरी दुसऱ्या दिवशी लंगडताना बघून माझ्या बायकोनं विचारलं तर म्हणाल्या, “पित्त हाय गो, उतरंल.” आणि वर उन्हातली भाताची पाटी डोक्यावर घेतली. काकांना चालत नाही ते सगळं काकूंना चालायचं.

एकदा मी धीर करून विचारलं, “काका, तुम्हाला हृदयविकार म्हणजे नेमका कुठला?”

काका खूश झाले. खुर्ची माझ्याकडे वळवली.

“हृदयविकार हे आडनाव हाय, भाऊ. एका आडनावाची गावात घरं किती असतात? ह्याची चार मोठी. पैलं पायपाचं घर. पायपात गाळ बसला, पाणी अडलं, पुढचं शेत वाळलं, तो अटॅक. दुसरं दरवाज्याचं. दरवाजा नीट बसत नाय, पाणी मागं येतं, ती झडप. तिसरं पंपाचं. पंप थकला, ओढत नाय, दम लागतो, पाय सुजतात. चौथं वायरिंगचं. मोटर कधी धडधड, कधी गप. आता लोक काय करतात? सगळ्याला हार्ट म्हणतात, आणि माणूस मेला की हार्टफेल म्हणतात. अरे, मरताना हार्ट सगळ्यांचंच थांबतं. वाघानं खाल्लं तरी शेवटी हार्टफेलच.”

“मग तुमचं घर कुठलं?”

काकांनी खिसा चाचपला. जरा विचार केला.

“माझं जनरल हाय,” ते म्हणाले.

या जनरलचा उगम काकूंनी माझ्या बायकोला सांगितला होता. फार पूर्वी धरणावर असताना काकांनी एका हळदीला जाऊन वाजवीपेक्षा जास्त मटण खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या छातीत कळ आली. तिथल्या एका डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, हार्टचं असू शकतं, कल्याणला जाऊन दाखवा. काका कल्याणला गेले नाहीत. “असू शकतं म्हणाले ना डॉक्टर? मंग परत कशाला दाखवायचं?” असं त्यांचं म्हणणं. तो डॉक्टर पुढे दवाखाना बंद करून गेला आणि त्या गाळ्यात मोबाइलचं दुकान आलं. काकांचं हार्ट राहिलं.

पुढे तेच त्यांचं काम झालं. आमच्याकडे कुणी हॉस्पिटलातून घरी आलं की बघायला जायची पद्धत आहे. बिस्किटाचा पुडा न्यायचा, पेशंटच्या पायथ्याशी बसायचं आणि त्याच रोगानं कोण कोण गेलं ते त्याला सांगायचं. काका हे काम किन्हवलीपासून कसाऱ्यापर्यंत करत. ‘अटॅक येऊन गेला’ असं कळलं, म्हणजे पाहुणा येऊन गेल्यासारखं, की हे निघाले. कुणाला फुगा टाकला, कुणाला स्प्रिंग बसवली, सगळं त्यांना ठाऊक. पेशंटचे रिपोर्ट ते उजेडाकडे धरून बघायचे. त्यातलं त्यांना किती कळायचं देव जाणे, पण “गाळ उजव्या कालव्यात हाय” असं काकांनी म्हटलं की पेशंटला बरं वाटायचं. डॉक्टरांनी इंग्रजीत सांगितलेलं कुणाला कळतं? कालवा सगळ्यांना कळतो.

हार्टच्या माणसाचा आणखी एक मान असतो. त्याला वाईट बातमी सांगत नाहीत. म्हणजे सांगतात, पण हळूहळू.

इथं मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या नात्यात आणि शेजारात वाईट बातमी सांगायचं काम माझ्याकडे आहे. कुणी दिलं नाही, आपोआप आलं. मला गोष्ट लांबवता येते, हा माझा एकमेव गुण. कल्याणची बातमी शहापूरला आणायची झाली तर मी ती मुरबाडवरून आणतो. बायको म्हणते, तुम्ही सांगेपर्यंत मेलेल्या माणसाचं वर्षश्राद्ध होतं. शाळेच्या ऑफिसात मी कारकून आहे, तिथंही नापास झालेल्या पोराच्या बापाला माझ्याकडेच पाठवतात.

तर काकांचे थोरले भाऊ गेले तेव्हा घरच्यांनी मलाच पुढे केलं. “तुमीच सांगा, भाऊ. त्यांना हार्ट हाय.” मी सकाळी सांगितलं, दादांना जरा बरं नाहीये. चहानंतर सांगितलं, दवाखान्यात नेलंय. मग बराच वेळ भाताच्या पिकाबद्दल बोललो. मग सांगितलं, सीरियस आहे म्हणतात. शेवटी म्हणालो, चला, आपण जरा बघून येऊ. काका प्रत्येक पायरीला “अरेरे” म्हणत होते, खिसा चाचपत होते. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. गाडीत बसताना पाहिलं तर त्यांच्या काखेत टॉवेल आणि कोरडं धोतर. स्मशानातून आल्यावर नेसायचं.

तेराव्यानंतर ते मला म्हणाले, “मला सकाळीच कळलं व्हतं. तुमच्या मंडळींनी चहा दोनदा दिला ना. दुसरा कप माझ्यापुढं ठेवला तवाच म्हटलं, दादा गेला.”

“मग मला एवढं बोलू का दिलंत?”

“तुमी मन लावून सांगत व्हता. मधीच कसं तोडायचं?” काका म्हणाले. मग त्यांनी मला नियम सांगितला. “हार्टच्या माणसाला लोक बातमी एक पायरी उतरवून सांगतात, भाऊ. आपण एक पायरी चढवून ऐकायची. बरं नाय म्हणजे दवाखान्यात. दवाखान्यात म्हणजे सीरियस. आयशीयूत हाय म्हटलं की आंघोळीचं पाणी तापवायचं.”

मी हसलो. नियम लक्षात ठेवायला हवा होता.

काकूंच्या ट्रंकेत एक हिरवी साडी होती. त्यांच्या मुरबाडकडच्या भावानं दिलेली, जरीचे काठ, घडी न मोडलेली. माझी बायको एकदा म्हणाली, नेसा की हो. काकू म्हणाल्या, “ती माझी जायची साडी गो. सवाष्ण गेले तं हिरवी लागंल ना? आयत्या वेळी हे कुठून आणतील?” काका खुर्चीतून म्हणाले, “ती फुकट जानार. माझा नंबर आधी हाय.” त्यावर काकूंनी फक्त ट्रंकेचं झाकण लावलं. त्यांच्या संसारात हा एक कायमचा वाद होता, आणि काकांच्या खिशात डबी असल्यामुळे तो काकाच जिंकत आले होते.

थंडीचे दिवस होते. काकूंच्या माहेरून नव्या तांदळाचं पोतं आलं, टेम्पोवाल्यानं ते अंगणात टाकलं आणि तो गेला. काका घरी नव्हते. किन्हवलीच्या एकाला स्प्रिंग बसवली होती, त्याला बघायला गेले होते. काकूंनी पोतं ओढत उंबऱ्यापर्यंत आणलं. माझी बायको कपडे वाळत घालायला गॅलरीत आली तर खाली पायरीवर काकू बसलेल्या, एक हात जबड्याला, आणि थंडीत कपाळावर घामाचे थेंब.

“काय झालं, काकू?”

“पित्त चढलंय गो. दाढंपर्यंत आलंय. जरा दूध दे.”

बायकोनं दूध दिलं नाही. माझी बायको कुणाचं फारसं ऐकत नाही, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा आवडलं. तिनं रिक्षा थांबवली, काकूंना उचलल्यासारखं करून आत घातलं आणि डॉक्टरांकडे नेलं. तिथं ईसीजीची पट्टी काढली, आणि त्या पट्टीकडे बघून डॉक्टर एकदम भराभर बोलायला लागले. तासाभरात काकू अँब्युलन्समधून कल्याणच्या वाटेवर होत्या. त्यांचा मुलगा तिकडेच नोकरीला, तो परस्पर हॉस्पिटलात पोचला. दुपारी त्याचा फोन आला. फुगा टाकून रस्ता मोकळा केला, स्प्रिंग बसवली, आई शुद्धीवर आहे, दोन दिवस आयसीयूत ठेवतील.

“आणि पप्पांना काही सांगू नका,” तो म्हणाला. “त्यांना आधीच हार्ट आहे.”

मी म्हणालो, माझ्यावर सोड. शाळेतून अर्धा दिवस टाकून आलो आणि गोष्ट रचली. भावजय ओट्यावरून घसरली, पाय मुरगळला, म्हणून काकू माहेरी गेल्या. मुरबाडला. हो, बातमी मी याही वेळी मुरबाडवरूनच आणणार होतो.

काका एसटीतून उतरून आले. मी अंगणात त्यांना गाठलं आणि भावजयीच्या पायापासून सुरुवात केली. ते ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी उंबऱ्यात आडवं पडलेलं पोतं पाहिलं. ओट्यावर भिजत घातलेली डाळ पाहिली. मग खाली पाहिलं.

“चपला इथंच,” ते म्हणाले. “माहेरी अनवाणी गेली?”

मी चपलांबद्दल काही रचून ठेवलं नव्हतं. पट्टा तुटला म्हणणार होतो, पण पट्टा धडधाकट दिसत होता.

जिन्यावरून बायको म्हणाली, “पुरे आता. सरळ सांगा त्यांना.”

आणि मी आयुष्यात पहिल्यांदा वाईट बातमी सरळ सांगितली. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. काकूंना अटॅक आला, कल्याणला आहेत, आयसीयूत आहेत, पण धोका टळलाय, बोलतायत. काका खुर्चीत बसले. त्यांनी खिसा चाचपला नाही. “अरेरे” म्हणाले नाहीत. बायकोनं त्यांच्यापुढे चहा ठेवला, तो त्यांनी प्यायला. तिला त्यांची फार दया आली असावी. तिनं पुन्हा कप भरला.

काकांनी त्या दुसऱ्या कपाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“बरं,” ते म्हणाले, आणि आत गेले. ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात कापडी पिशवी होती. “चला, भाऊ.”

शेजारच्यांनी त्यांची गाडी काढली आणि आम्ही निघालो. मी मागे काकांजवळ बसलो. माझ्या मनात एकच धास्ती, या माणसाला वाटेत काही झालं तर? मी सारखा त्यांच्या डबीकडे बघत होतो. ते बाहेर बघत होते.

“काका, काकू बोलतायत हां,” मी म्हणालो. “मुलाशी बोलल्या.”

“हो, हो,” त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. “तुमी सांगा. मी ऐकतो.”

मी पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा थोपटलं. मला वाटलं, पटतंय त्यांना.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “ते पित्त नव्हतं ना?”

“नाही, काका.”

“सकाळी किन्हवलीत सांगत व्हतो. बायांचं वेगळं असतं म्हटलं. छातीत कळ येईलच असं नाय. जबडा धरतो, घाम येतो, दम लागतो, पाठ दुखते. बाया म्हणतात पित्त. दुर्लक्ष करू नका म्हटलं.” त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. “त्यांनी मला पोहे दिले. मी खाल्ले.”

हॉस्पिटलात लिफ्ट पेशंटच्या खाटांसाठी अडवलेली. आयसीयू तिसऱ्या मजल्यावर. मी म्हणालो, काका, थांबा, खाली बसा, मी मुलाला बोलावतो. पण काका जिना चढायला लागले होते. आमच्या घराच्या जिन्याला ज्यांनी कधी पाय लावला नाही ते काका पिशवी छातीशी धरून, कठड्याला हात न लावता चढत होते. मी त्यांना सांभाळायला मागे होतो. दुसऱ्या मजल्यावर मला ते दिसेनासे झाले. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा माझा भाता सुटला होता आणि दारातल्या सिस्टरनं माझं मनगट धरून विचारलं, “पेशंट तुम्हीच का?”

काकांचा मुलगा बाहेर आला, बापाला बघून हबकला आणि माझ्यावर उखडला. “सांगितलंत ना शेवटी? त्यांना हार्ट आहे माहीत असून?”

काका त्याला म्हणाले, “त्यांना बोलू नको. त्यांनी नीट सांगितलं.” मग त्याच्या पाठीवर हात ठेवून हळूच विचारलं, “मामाला कळवलं?”

मुलगा म्हणाला, “कळवलंय. उद्या येतोय.”

“उद्या?” काका म्हणाले. “उद्यापर्यंत ठेवतील इथं?”

“परवापर्यंत ठेवणार आहेत.”

काकांनी मान हलवली. आता लिहिताना या बोलण्याचा अर्थ मला कळतो. तेव्हा मी भिंतीला टेकून श्वास शोधत होतो.

आत एकालाच सोडतात. पण हार्टचा माणूस एकटा नको, म्हणून मुलानं रदबदली केली आणि मलाही बरोबर सोडलं. काकू डोळे मिटून पडल्या होत्या. नळ्या, वायरी, वर एक हिरवी रेघ उड्या मारत चाललेली. काकांनी त्या रेघेकडे बघितलंच नाही. इतक्या लोकांचे रिपोर्ट उजेडाकडे धरणारा माणूस, पण ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, पिशवी काकूंच्या पायांवर ठेवली, दोन्ही हात जोडले आणि खाली वाकून त्यांच्या पावलांना कपाळ लावलं.

पिशवीतून जरीचा काठ बाहेर आला. हिरवा.

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. मी खरं सांगितलं होतं, आणि त्यांनी ते एक पायरी चढवून ऐकलं होतं.

काकूंनी पाय आखडून घेतला. डोळे उघडले.

“जेवलात का?” त्या म्हणाल्या.

काका तसेच वाकलेले राहिले. मग हळूहळू सरळ झाले.  काकूंची नजर त्यांच्यावरून पिशवीवर गेली, काठावर थांबली.

“ती कशाला आणली?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी, तालुक्यातला पट्टीचा सांगणारा, छताकडे पाहिलं.

“इथं एसी हाय म्हणून,” काका म्हणाले. “म्हटलं थंडी वाजंल.”

“जायच्या साडीनं थंडी जाती व्हय?” काकू म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं. वरची रेघ नाचायला लागली, यंत्र वाजायला लागलं, सिस्टर धावत आली. काकू तिला म्हणाल्या, “यांना बाहेर न्या गो पोरी. ह्यांना हार्ट हाय.” आणि मग दमून, डोळे मिटून, काकांना म्हणाल्या, “मी डाळ भिजवली व्हती. आंबली असंल. टाका ती.”

बाहेर येऊन काका बाकड्यावर बसले आणि मग थरथरायला लागले. हात, गुडघे, हनुवटी, सगळंच. मुलगा घाबरला. त्यानं डॉक्टरांना धरून आणलं, पप्पांना कित्येक वर्षांचं हार्ट आहे म्हणून सांगितलं. तिथंच खालच्या मजल्यावर नेऊन त्यांची पट्टी काढली, सोनोग्राफीसारखं यंत्र छातीवर फिरवून आतलं हृदयही बघितलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं कागद बघितले आणि म्हणाला, “यांच्या हृदयाला काही नाही. वयाच्या मानानं छान आहे.”

“नीट बघा,” काका म्हणाले.

“नीटच बघितलं, आजोबा.”

“पायपात?”

“काही दिसत नाही.”

“दरवाजे?”

डॉक्टरला दरवाजे कळले नाहीत, पण तो म्हणाला, सगळं उत्तम आहे. काकांनी कागद घेतला, उजेडाकडे धरला, आणि घडी घालून खिशात डबीशेजारी ठेवला. एखाद्याला निवृत्तीचा कागद मिळावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

परत येताना भातशेतांवर ऊन उतरलं होतं. वासिंद गेल्यावर काका म्हणाले, “भाऊ, हे गावात एकदम सांगू नका.”

“काय?”

“मला हार्ट नाय ते.” त्यांनी घसा खाकरला. “लोकांना धक्का बसंल. आधी म्हणा, रिपोर्ट सुधारलाय. मंग चार दिवसांनी म्हणा, माइल्ड हाय. मंग बघू.”

माझ्यावर सोडा, मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत लांबवलेलं काम आहे. अजून मी ‘माइल्ड’वरच आहे.

काकू घरी आल्या आणि त्यांना बघायला लोक यायला लागले. बिस्किटांचे पुडे साठले. कुणी विचारलं, काय झालं होतं, की काकू म्हणायच्या, “पित्त.” आणि आतून, चहा ढवळता ढवळता, काका म्हणायचे, “पायपाचं घर. डावा कालवा.” चहा फार गोड व्हायचा, पण ते कुणाला दुसरा कप देत नसत. खाटेच्या पायथ्याशी बसून कुणी मेलेल्या माणसांच्या गोष्टी काढल्या तर काका त्याला शर्टाला धरून उठवायचे. चपटी डबी आता काकूंच्या उशाशी होती. आरामखुर्चीही काकूंना देऊ केली गेली, पण त्या तिच्यात बसेनात. “हिच्यात बसून माणसाला काय काय होतं ते मी बघितलंय,” म्हणाल्या.

एके सकाळी दारावर टकटक झाली. उघडलं तर काका. जिना चढून आलेले, खांद्यावर आमचा सिलिंडर. आमची खोली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. इकडेतिकडे नजर फिरवली आणि म्हणाले, “छताला ओल आलीय. सांगितलं नाय कधी.” मी काय सांगणार? हार्टच्या माणसाला वाईट बातमी कशी सांगायची?

पुढल्या उन्हाळ्यात काकूंच्या भाच्याचं लग्न निघालं, सरळगावच्या बाजूला. आम्हीही जाणार होतो. गाडी दारात उभी, काका नवा शर्ट घालून अंगणात येरझाऱ्या घालत होते, उशीर होतोय म्हणून हाका मारत होते. दार उघडलं आणि काकू बाहेर आल्या. अंगावर हिरवी साडी. जरीचे काठ उन्हात चमकत होते, घडीच्या रेघा अजून गेल्या नव्हत्या.

काका बोलता बोलता थांबले. काकू पायरी उतरल्या, पदर नीट केला.

“भावानं दिलेली. त्याच्या घरचं लग्न. ट्रंकेत ठेवून काय कसर लावायची?”

 काकांचा हात हळूच वर गेला आणि शर्टाच्या रिकाम्या खिशावर बसला. डोळे भरून आले होते.

काकू जवळ येऊन त्यांच्याकडे निरखून बघत म्हणाल्या, “काय झालं? हार्ट?”

“नाय गो,” काका म्हणाले. “पित्त.”